दोन्ही टोकं बरोबर

नागपूरजवळ बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत मे महिन्याच्या भर दुपारी ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान उणे साडेसदतीस अंश असू शकतं. बाहेर डांबर पाघळतंय, गेटवरच्या वॉचमनने डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलाय, आणि पॅनलच्या दारात बसवलेलं मीटर ठळक आकड्यांत, दशांशचिन्हासकट सांगतंय की आतलं तेल सियाचिनला हवापालटासाठी गेलेलं आहे. हा आकडा कुणी पाहत नाही असं समजू नका. शिफ्टचा ऑपरेटर तो दर तासाला लॉगबुकात उतरवतो. -३७.५, -३७.५, -३७.५ अशी सुवाच्य रांग पानभर खाली उतरते. महिनाअखेर कुणीतरी तिची एक्सेलमध्ये सरासरी काढतो, तीही -३७.५ येते, आणि आकड्यांत इतकं सातत्य राखल्याबद्दल मेंटेनन्स खात्याला बरं वाटतं. तेल तापलं तर ८५ अंशांना भोंगा वाजावा अशी सोय केलेली असते. तो अर्थातच वाजत नाही. वर्षाच्या आढावा बैठकीत ‘तापमानाचे अलार्म : शून्य’ ही ओळ हिरव्या रंगात पडद्यावर येते. एखादा नवखा ट्रेनी चुकून विचारतो, “साहेब, हे उणे कशामुळे?” “मीटर इंपोर्टेड आहे,” साहेब सांगतात. परदेशी मालाला परदेशी हवामान दाखवण्याचा अधिकार असणारच, हे त्यालाही पटतं, आणि पुढच्या तासाचा आकडा तो न बघताच लिहू लागतो. त्याचं ट्रेनिंग इथे पूर्ण होतं.

हे मीटर तिथे आलं कसं, हे आधी सांगायला हवं. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ साली झाला, ऊर्जा व्यवस्थापनाचं आयएसओ ५०००१ हे मानक २०११ साली आलं, आणि भिंतीवर लावायला आणखी एक प्रमाणपत्र उपलब्ध झालं. महाराष्ट्रात २०२० च्या एप्रिलपासून उच्चदाबाच्या ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघू लागलं, म्हणजे ढासळलेला पॉवर फॅक्टर वेगळ्या ओळीत न दिसता थेट आकड्यात मुरू लागला. जिथे पैसे मुरतात तिथे मालकाचं लक्ष जातं. मग जुनी मीटरं काढून नवीन, शहाणी, रंगीत पडद्याची मीटरं बसवण्यात आली. ही मीटरं व्होल्ट, अँपिअर, हार्मोनिक्स वगैरे सगळं मोजतात आणि त्यातलं पुष्कळसं बरोबर मोजतात. इथवर ठीक होतं. पण या मीटरांच्या पाठीवर, कोपऱ्यात, अ‍ॅनालॉग इनपुट नावाची चार जोड टर्मिनलं असतात, आणि विकणारा जाता जाता म्हणून जातो, “ही तुम्हाला मोफत आहेत.” मोफत मिळालेली टर्मिनलं रिकामी ठेवणारा कारखानदार अजून महाराष्ट्रात जन्माला यायचा आहे. मग बैठक होते. एकाला ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान जोडावंसं वाटतं, दुसऱ्याला कॉम्प्रेसरचा दाब, तिसऱ्याला जनरेटरच्या, म्हणजे डीजीच्या, टाकीतलं डिझेल. चौथ्याला काही सुचत नाही, म्हणून पाण्याचा प्रवाह. विजेच्या मीटरवर पाणी कशाला, असं कुणी विचारत नाही. जागा होती.

आता त्या टर्मिनलांत येतं काय, तर करंट. तापमान असो, दाब असो की डिझेलची उंची असो, तिथे बसलेला ट्रान्समीटर आपलं मोजमाप ४ ते २० मिलिअँपमध्ये बदलून दोन तारांवरून पाठवतो. मोजमाप शून्य असेल तर ४, पुरेपूर असेल तर २०. सुरुवात शून्यापासून न करता चारापासून का केली, यात या पद्धतीची सगळी हुशारी आहे. शाळेच्या हजेरीत ‘हजर’ म्हणणाऱ्या पोराने गृहपाठ केलेला असेलच असं नाही, पण तो वर्गात आहे हे तरी कळतं. ४ मिलिअँप ही तशी हजेरी आहे. मोजायला काही नसेल तरी ट्रान्समीटर ४ देऊन ‘मी जिवंत आहे’ असं कळवतो. तार तुटली, उंदराने कुरतडली किंवा रंगारी मंडळींच्या शिडीखाली आली की करंट शून्य होतो, आणि शून्य म्हणजे गैरहजर. हवेच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या यंत्रणेतही ३ ते १५ पीएसआय असा हाच शहाणपणा होता. ‘नामुर’ ही युरोपातल्या प्रक्रिया-उद्योगांची संघटना तर सांगते की ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर करंट गेला तर त्याला मोजमाप समजूच नका, बिघाड समजा. आता बुटीबोरीचा हिशोब करा. ट्रान्समीटर ० ते १५० अंशांचा. म्हणजे १६ मिलिअँपमध्ये १५० अंश वाटून दिलेले. तार तुटून करंट शून्य झाला, म्हणजे चाराच्या खाली आणखी चार. चार भागिले सोळा, गुणिले दीडशे, उणे साडेसदतीस. ती तार ओरडून सांगत असते की मी तुटले आहे. आणि आपण त्या ओरडण्याची सरासरी काढतो.

प्रस्तुत लेखकाचा गणिताशी शाळा सुटल्यापासून औपचारिक संबंध नाही. त्यालाही हा हिशोब एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर जमतो, म्हणजे तो अवघड असण्याची शक्यता नाही. मीटरमध्ये भरायच्या गोष्टीही मोजून पाच : सिग्नलचा प्रकार, खालचा आकडा, वरचा आकडा, एकक आणि नाव. तरीही या पाच रकान्यांत इतकं सातत्याने चुकतं की कारण विजेत शोधण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं असं की हे सगळं वजाबाकीच्या कंटाळ्यातून होतं. जोडणी झाली की तपासणी होते, नाही असं नाही. पण तपासणारा माणूस फक्त टोकं तपासतो, आणि बहुधा त्यांतलं एकच. खालच्या टोकाला ४ दिले की शून्य यावं, वरच्या टोकाला २० दिले की पूर्ण आकडा यावा. इथे डोकं लागत नाही. मधल्या कुठल्याही बिंदूवर चार वजा करून, सोळाने भागून, पल्ल्याने गुणावं लागतं, आणि भर कमिशनिंगमध्ये, तेही ३१ मार्चच्या संध्याकाळी, भागाकार करायला सांगणं हे छळाच्या व्याख्येत बसतं. अडचण अशी की या धंद्यातल्या चुकांनाही टोकं आवडतात. त्या नेमक्या टोकाला जाऊन लपतात.

सगळ्यात लोकप्रिय चूक घ्या. ट्रान्समीटर ४ ते २० चा आहे आणि मीटरमध्ये प्रकार ० ते २० असा राहून गेला आहे, कारण कंपनीतून येताना तो तसाच होता आणि आलेल्या वस्तूच्या मूळ स्वभावात ढवळाढवळ करणं आपल्याला प्रशस्त वाटत नाही. साइट इंजिनिअर हवा तेवढा करंट देणारा कॅलिब्रेटर जोडतो आणि २० देतो. मीटरवर १५० येतात. “आले बघा साहेब, दीडशेला दीडशे!” “करा सही.” सही होते, चहा येतो, गाडी निघते. वरच्या टोकाला ही चूक पूर्णपणे अदृश्य असते, आणि जसजसं खाली यावं तसतशी ती फुगत जाते. तेल खरोखर ९० अंशांवर असेल तर मीटर १०२ सांगतं, ६० असेल तर ७८, आणि बर्फात बुडवलं तर ३०. आता याच्या उलटी चूक. मीटरमध्ये प्रकार बरोबर, पण वरचा आकडा दीडशेऐवजी शंभर भरलेला, कारण शंभर हा दिसायला सुबक आकडा आहे. इथे ४ दिले की शून्य येतं, झकास. खऱ्या ९० ला मात्र मीटर ६० सांगतं आणि भोंग्याला कायमची रजा मिळते. म्हणजे पहिली चूक वरच्या टोकाला सापडत नाही आणि दुसरी खालच्या. तपासणारा कुठलं टोक निवडील? अनुभव असा की जे बरोबर येतं ते.

खरी गंमत या दोन्ही चुका एकाच मीटरमध्ये नांदतात तेव्हा होते. प्रकार ० ते २० आणि वरचा आकडा १००. आता ४ ला २० अंश दिसतात आणि २० ला १००, म्हणजे दोन्ही टोकं चुकलेली. निदान हे तरी पकडलं जावं. पण इथे एखादा प्रामाणिक फोरमन पुढे येतो, ज्याचा कॅलिब्रेटरसारख्या खेळण्यांवर विश्वास नसतो. तो सेन्सर बाहेर काढून सावलीत टांगतो, शेजारी आपला जुना काचेचा थर्मामीटर धरतो आणि दोन्ही आकडे ताडून बघतो. गणित मांडलं तर या दुहेरी चुकीचा आकडा खऱ्या तापमानाशी एकाच ठिकाणी जुळतो : ४३ अंशांच्या जरा खाली. आणि मेच्या दुपारी नागपूरच्या सावलीत ४३ अंश म्हणजे काही विशेष नाही. “थर्मामीटर बेचाळीस पूर्णांक नऊ, मीटर बेचाळीस पूर्णांक नऊ! आता बोला, भाऊ.” यापुढे कुणी काय बोलणार? दोन चुका मिळून एक बरोबर होत नाही असं आपल्याला लहानपणी शिकवतात. मे महिन्यात विदर्भात होते.

तापमानाचं एक वेळ सोडा, पण डिझेलच्या टाकीपाशी हा विषय जसा फुलतो तसा कुठेच फुलत नाही, कारण तिथे चुकीला चोरीची फोडणी बसते. डीजीची टाकी बहुधा आडवी, नळकांड्यासारखी असते. तिच्यात बसवलेला ट्रान्समीटर मोजतो ती डिझेलची उंची. मीटरमध्ये भरलेलं असतं ० ते १००० लिटर. तपासणी इथे अगदी कसोशीने होते, कारण डिझेल म्हणजे रोकड. टाकी रिकामी, मीटरवर शून्य. टाकी भरलेली, मीटरवर हजार. एखादा जास्तीचा चिकित्सक निम्मी टाकीही बघतो : पाचशे, अगदी तंतोतंत. तीन-तीन ठिकाणी बरोबर आलेल्या यंत्रावर संशय घेणं म्हणजे पाप. पण आडवं नळकांडं मध्ये पोट सुटलेलं आणि वर-खाली निमुळतं असतं. पाव उंचीला त्यात पाव डिझेल नसतं. हजार लिटरच्या टाकीत सुमारे १९५ लिटर असतं, आणि मीटर सांगतं २५०. पाऊण उंचीला खरं सुमारे ८०५ असतं, मीटर सांगतं ७५०. स्टोअरकीपर डिपस्टिक घालून तक्त्यावरून १९५ काढतो, मॅनेजर पडद्यावरून २५० काढतात, आणि मधले ५५ लिटर कुणीतरी प्यायलेलं असणार यावर दोघांचं एकमत होतं. “रात्रपाळीला कोण होतं?” हा प्रश्न विचारला जातो. भूमितीचं नाव रजिस्टरात नसतं, म्हणून रात्रपाळीच्या ऑपरेटरचं घेतलं जातं.

हे इथे थांबत नाही. जनरेटर तासाला ठरावीक डिझेल खात असला तरी टाकीच्या निमुळत्या भागात पातळी झपाट्याने उतरते आणि पोटापाशी रेंगाळते. त्यामुळे मीटरच्या मते भरलेल्या टाकीवर जनरेटर खादाड असतो, मधल्या भागात संयमी होतो, आणि तळाशी पुन्हा खादाड. टाकी नुकतीच भरलेली असताना कुणाच्या तरी लक्षात येतं की डिझेल जास्त जातंय. सर्व्हिस इंजिनिअरला फोन होतो. तो येऊन फिल्टर बदलतो, इंजेक्टर उघडून बघतो, मान हलवतो. तोवर पातळी पोटात उतरलेली असते आणि ताशी खप आपोआप सुधारतो. त्याचं बिल आनंदाने मंजूर होतं. पुढे टाकी पावाखाली जाते, खप परत वाढतो, आणि आता चोरीशिवाय दुसरं कारण उरत नाही, कारण इंजिन तर नुकतंच दुरुस्त झालंय. टाकीजवळ कॅमेरा लागतो. पुढच्या फेरीत मीटरवर ७५० बघून पर्चेस खातं हिशोबाने २५० लिटर मागवतं, टाकीत जागा १९५ चीच असते, आणि उरलेले ५५ लिटर कॅमेऱ्यादेखत जमिनीवर येतात. हरवलेलं डिझेल सापडल्याचा हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव प्रसंग. बरं, उपाय काही रॉकेट उडवण्याइतका नाही. पुष्कळ यंत्रणांमध्ये उंचीवरून लिटर काढायचा तक्ता भरता येतो. नसेल तर मीटरवर लिटर लिहिण्याऐवजी ‘उंची, टक्के’ असं लिहून तक्ता टाकीशेजारी चिकटवता येतो. पण टक्के बघून मॅनेजरांचं समाधान होत नाही. टक्क्यांची चोरी पकडता येत नाही.

एककाचा रकाना तर निव्वळ करमणूक आहे. बहुतेक मीटरांत तो फक्त लेबल असतो. त्यात बार लिहा, किलो लिहा किंवा कुलदैवताचं नाव लिहा, आकडा जागचा हलत नाही. आपल्याकडे कॉम्प्रेसरचा दाब फोरमनच्या तोंडात ‘किलो’ असतो, ट्रान्समीटरच्या पाटीवर बार आणि टायरवाल्याकडून शिकलेल्यांच्या डोक्यात पीएसआय. बार आणि किलो यांच्यात दोन टक्क्यांचा फरक, तो कुणी मनावर घेऊ नये. पण वरचा आकडा १४५ पीएसआय म्हणून भरला आणि लेबल बार ठेवलं, की सात बारवर सुखाने चालणारा कॉम्प्रेसर पडद्यावर शंभराच्या वर जातो आणि सेफ्टी ऑफिसर जेवणाच्या ताटावरून उठतो. असल्या गोष्टी फक्त आपल्याच वसाहतींत होतात असा न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ च्या इंधनाचा काटा बंद होता म्हणून टाकीत दांडी घालून लिटर मोजले गेले. लिटरवरून वजन काढायला १.७७ ने गुणलं, गुणाकारही अचूक केला. पण १.७७ हे लिटरमागे पौंडांचं प्रमाण, आणि विमानाला हवे होते किलो. निम्म्याहून कमी इंधनावर निघालेलं ते विमान तरंगत तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरलं, जिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीवाले जमले होते. आतले सगळे, म्हणजे ६९ जण, वाचले. गुणाकार बरोबर, वैमानिक उत्तम, चुकलं फक्त लेबल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : मॅन्युअल वाचा की. आक्षेप मांडणाऱ्याने मॅन्युअल वाचलेलं नसतं हे उघड आहे. मीटरचं मॅन्युअल सांगतं की खालचा आणि वरचा आकडा ट्रान्समीटरच्या कागदपत्रांवरून भरावा. ट्रान्समीटरचं मॅन्युअल सांगतं की तो ऑर्डरप्रमाणे सेट करून पाठवला आहे. ऑर्डर पर्चेस खात्यात, पर्चेसवाला नोकरी सोडून चाकणला, आणि ट्रान्समीटरवरच्या पाटीवर पॅनल रंगवताना हात फिरलेला. करंट वाहायला लागणारे २४ व्होल्ट कुणी द्यायचे, याबाबतही दोन्ही पुस्तकं दुसऱ्याकडे बोट दाखवतात. मीटर ट्रान्समीटरची वाट बघतं, ट्रान्समीटर मीटरची, आणि मधली तार दोघांच्या भिडस्तपणामुळे कोरडी राहते. दोष पुस्तकांचा नाही. १२ मिलिअँप म्हणजे ७५ अंश, पाच बार की अर्धी टाकी, हे तारेतून कळतच नाही. ते कुणीतरी ठरवलेलं असतं आणि ते त्या कुणालातरी विचारावं लागतं. मॅन्युअल वाचण्यापेक्षा माणसाला विचारणं आपल्याला जास्त जड जातं, कारण विचारलं की आपल्याला माहीत नव्हतं हे सिद्ध होतं.

दुसरा आक्षेप तरुण आहे आणि त्याच्या गळ्यात आयडी कार्ड आहे. “सर, आता अ‍ॅनालॉग कोण वापरतं? सगळं मॉडबसवर घ्या.” ठीक आहे, घेऊ. करंट शेकडो मीटर तारेतून जाऊनही तेवढाच राहतो, म्हणून ही जुनी पद्धत अजून निवृत्त होत नाही, हा मुद्दा मी मोठ्या मनाने सोडून देतो. मोजमाप करंटऐवजी थेट आकड्यांत पाठवणारं मॉडबसही काही कालचं पोर नाही. ते १९७९ सालचं आहे. त्यात तापमानासारखा दशांशातला आकडा साधारणपणे दोन तुकड्यांत येतो, आणि पहिला तुकडा कुठला यावर बनवणाऱ्यांचं एकमत नाही. तुकडे उलटे लागले की १०० अंशांचे होतात दशांशचिन्हानंतर चाळीस शून्यं आणि मग २४. पडद्यावर मावतात तेवढी शून्यं दिसतात. आणि तपासायला खरोखरचं शून्य पाठवावं, तर ते उलटं लावलं तरी शून्यच येतं! म्हणजे डिजिटलमध्येही एक टोक बरोबर निघायची सोय करून ठेवलेली आहे. प्रगती झाली हे मान्य, ३७.५ अंशांच्या चुकीला जिथे उंदीर लागायचा तिथे आता पदवी लागते.

तिसरा आक्षेप मुरलेल्या माणसाचा आहे, आणि तो सगळ्यात धोक्याचा. तो म्हणतो, चूक असू द्या. आम्हाला माहीत आहे ना चूक किती आहे? “त्यातून तीस वजा करून वाचायचं, मामांनी सांगितलंय.” मामांनी कधीतरी ट्रान्समीटर बर्फात घालून ३० बघितलेले असतात, आणि तेव्हापासून ‘वजा तीस’ हा त्या कारखान्यातला नैसर्गिक स्थिरांक झालेला असतो. पण वर बघितलंच की ही चूक वर जाताना आटत जाते. ९० अंशांना ती १२ च उरते. तीस वजा करणारा १०२ चे ७२ करतो, आणि तेल खरोखर नव्वदीत असताना निवांत डबा उघडतो. भोंग्याचं पुराण याहून लांब आहे. ८५ ला लावलेला भोंगा या मीटरवर खऱ्या पावणेएकोणसत्तरलाच वाजतो, म्हणून उन्हाळ्यात तो रोज वाजतो, म्हणून कुणीतरी वैतागून तो १०० वर नेतो. आता तो खऱ्या साडेसत्त्याऐंशीला वाजेल. चुकीवर चूक बसून जवळपास ठीक झालं. मग पुढच्या वर्षी एक हुशार मुलगी रुजू होते, प्रकाराचा रकाना उघडते, ० ते २० चं ४ ते २० करते आणि सगळ्यांची वाहवा मिळवते. भोंगा १०० वरच राहतो, आता खऱ्या शंभरावर. तिला हे कुणी सांगितलेलं नसतं, कारण ज्याने भोंगा वाढवला त्याने ते लिहून ठेवलेलं नसतं. लिहून ठेवायला एक रकाना असतो. त्यात लॉगबुक तपासणाऱ्या ऑडिटरची सही असते, पहिल्या पानावर आणि शेवटच्या.

एवढं ऐकून कुणी म्हणेल की मग मीटर विकत घेऊच नयेत. असं माझं मुळीच म्हणणं नाही. तारेवरच्या आवरणाचं (शील्डचं) दोन्हीकडे अर्थिंग केलं की आकडा नाचतो, तार मोटारीच्या केबलला चिकटून गेली की आणखी नाचतो, या खोड्या सगळ्यांना दिसतात म्हणून त्या दुरुस्तही होतात. नाचणारा आकडा निरुपद्रवी असतो. स्थिर, दोन दशांशांचा, अहवालात शोभणारा आकडा तेवढा जपून बघावा, आणि त्यासाठी लागतो एक भागाकार. तेव्हा लूप कॅलिब्रेटर स्टोअरच्या कपाटातून पुढच्या वेळी बाहेर निघेल तेव्हा ४ किंवा २० वर समाधान न मानता त्यावर ८ लावून बघा. ० ते १५० अंशांच्या ट्रान्समीटरसाठी मीटरवर ३७.५ दिसायला हवेत. ६० दिसले तर प्रकार ० ते २० वर राहिलाय. २५ दिसले तर दीडशेऐवजी शंभर भरलेत, ४० दिसले तर दोन्ही. आणि आकडा ढिम्म हललाच नाही, तर तुम्ही डिझेलच्या टर्मिनलला जोडलंय. रात्रपाळीवाल्याला काही बोलण्याआधी तेवढं काढून घ्या.